औषधाचे दुकान गावात टिकेल कसे?

सोलापूरच्या नवी पेठेत सकाळी अकराच्या सुमारास एखाद्या औषधाच्या दुकानासमोर अर्धा तास उभे राहावे. कपडालत्ता, चपला, लग्नाचा बस्ता यांसाठी लोटलेल्या गर्दीतूनच एखादे वृद्ध गृहस्थ काउंटरपाशी येतात, बंडीच्या खिशातून गोळ्यांची रिकामी पट्टी काढतात आणि "हीच द्या, महिन्याची," असे म्हणतात. डॉक्टरांची चिठ्ठी केव्हाच गहाळ झालेली असते. रिकामी पट्टी हीच त्यांची चिठ्ठी. रक्तदाबाची ती गोळी काही दुर्मीळ वस्तू नव्हे. तिच्यासाठी अक्कलकोट, मोहोळ किंवा मंगळवेढा तालुक्यातील गावाहून माणसाने सोलापूर गाठावे, यात वरकरणी तरी काही अर्थ दिसत नाही. परंतु ते आलेले असतात, आणि त्यांच्या मागे त्यांच्यासारखेच आणखी दोघेतिघे उभे असतात.

या गर्दीकडे मी अनेक वर्षे बाजारपेठेचे एक नित्याचे दृश्य म्हणून पाहत आलो. तिचा दुसरा अर्थ कळला तो एका जुन्या विद्यार्थ्यामुळे. तो विज्ञान शाखेचा. वादविवाद स्पर्धेमुळे माझ्या परिचयाचा झालेला. पुढे त्याने औषधनिर्माणशास्त्राची पदविका घेतली आणि दक्षिण सोलापूर तालुक्यातील आपल्या गावी औषधाचे दुकान घातले. गावाचे नाव मुद्दामच देत नाही, कारण प्रकरण अजून तडीस गेलेले नाही. मागील वर्षी तो भेटला तेव्हा म्हणाला, "सर, दुकान बंद करतोय. पुण्याला एका साखळी दुकानात नोकरी मिळते आहे." मी त्याला चार धीराचे शब्द सांगितले. त्यावर त्याने खिशातून वही काढून माझ्यासमोर ठेवली. ती वही वाचल्यावर मला माझ्या धीराच्या शब्दांची थोडी लाज वाटली.

त्या वहीतील आकडे येथे जसेच्या तसे देणे उचित नव्हे. पण गणिताचा सांगाडा कोणालाही मांडता येईल. दिवसाला तीन हजार रुपयांची विक्री होते असे धरू. महिन्याला नव्वद हजार झाले. केंद्र सरकारच्या २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशानुसार कमाल किंमत ठरविताना किरकोळ विक्रेत्याला त्याच्या खरेदी किमतीवर १६ टक्के नफा धरला जातो. नियंत्रणाबाहेरच्या औषधांवर व्यापाराच्या रूढीप्रमाणे २० टक्क्यांच्या आसपास सुटतात. सरासरी विक्रीच्या सोळा-सतरा टक्के हाती आले असे मानले, तर महिन्याकाठी पंधरा हजारांच्या आसपास रक्कम होते. त्यातून गाळ्याचे भाडे, विजेचे बिल, इन्सुलिनसाठी रात्रंदिवस चालू ठेवावा लागणारा फ्रीज, हिशेबनिसाचे पैसे, सोलापूरहून माल आणण्याचा खर्च आणि मुदतबाह्य होऊन परत न गेलेल्या औषधांचा तोटा वजा करावा. जे उरते तो एका पदविकाधारकाचा सकाळी आठ ते रात्री दहापर्यंतच्या श्रमांचा मोबदला. शहरातील साखळी दुकान त्याला यापेक्षा पुष्कळ अधिक पगार देते, आणि रविवारची सुटीही देते.

नफा किमतीच्या टक्केवारीत मोजला जातो, श्रम मात्र किमतीबरोबर कमी होत नाहीत. शंभर रुपयांची पट्टी विकली तर दुकानदाराला सोळा-सतरा रुपये सुटतात. त्याच औषधाची वीस रुपयांची पट्टी विकली तर तीन-साडेतीन. चिठ्ठी वाचणे, औषध शोधणे, केव्हा व कसे घ्यायचे ते समजावणे हे काम दोन्ही वेळा सारखेच. औषध स्वस्त व्हावे ही आपली सर्वांची मागणी आहे आणि ती रास्तच आहे. १९७५ साली हाथी समितीने टोपणनावांची सद्दी कमी करण्याची शिफारस केली, तेव्हापासून या देशातील जागरूक मंडळी तेच सांगत आली आहेत. तथापि औषध जसजसे स्वस्त होईल तसतसे ते विकणारे खेड्यातील छोटे दुकान दुबळे होत जाईल, याचा विचार आपल्या धोरणात फारसा झालेला नाही. शहरातील दुकान संख्येच्या बळावर ही घट भरून काढते. तीन हजार वस्तीच्या गावाने ती कशातून भरून काढावी?

यात उधारीची भर. आपल्या जिल्ह्यात साखर कारखाने पुष्कळ. त्यामुळे औषधाच्या दुकानातही "उसाचे बिल निघाले की देतो" हेच पालुपद. कारखान्याचे बिल लांबले की त्याचा ताण गावातील किराणा दुकानदाराप्रमाणे औषध दुकानदारही सोसतो. फरक इतकाच की, किराणावाला साखर नाकारू शकतो. तापाने फणफणलेल्या मुलाच्या आईला औषध नाकारणे गावात राहून शक्य होत नाही. आणि गंमत अशी की, उधारीचे गिऱ्हाईक गावात येते व रोखीचे गिऱ्हाईक नवी पेठेत जाते. डॉक्टर शहरात, म्हणून पहिली खरेदी शहरात. आणि पहिली पट्टी ज्या दुकानातून घेतली तेथेच दुसरी घ्यावी, अशी माणसाची सवय. एस.टी.ने २०२२ च्या ऑगस्टमध्ये पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत केला आणि २०२३ च्या मार्चमध्ये महिलांना अर्धे तिकीट दिले. दोन्ही निर्णय स्वागतार्हच. माझ्या आईलाही त्यांचा लाभ झाला. पण या सवलतींनी शहर गावाच्या आणखी जवळ आले आणि गावातील दुकानाचे रोखीचे गिऱ्हाईक आणखी दूर गेले, हेही नाकारता येत नाही.

मग गावाला त्या दुकानाची गरज तरी काय, असा प्रश्न कोणी विचारील. औषध नवी पेठेत मिळते, घरपोच मागविता येते, प्राथमिक आरोग्य केंद्रात तर १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाने उपचार विनाशुल्क केले आहेत. हे सर्व खरे आहे. परंतु आरोग्य केंद्रातील औषध संपले की बाहेरची चिठ्ठी मिळते. सरकारी औषधखरेदी २०१७ मध्ये हाफकिनकडे सोपविली, ती रखडली, मग २०२३ मध्ये स्वतंत्र प्राधिकरण नेमावे लागले. या फेऱ्यात चिठ्ठ्यांचा तुटवडा मात्र कधी पडला नाही. घरपोच येणारे पार्सल दोन-तीन दिवसांनी येते. रात्री नऊ वाजता लहान मुलाला जुलाब सुरू झाले तर जलसंजीवनीचे पाकीट त्या क्षणी हवे असते.

याशिवाय एक गोष्ट मी त्या दुकानात प्रत्यक्ष पाहिली. आमच्या या सीमेवरच्या भागात अनेक घरांत कन्नड बोलली जाते आणि वृद्ध स्त्रियांना अक्षरओळख नसते. माझा हा विद्यार्थी गोळ्यांच्या पाकिटावर पेनाने सूर्य आणि चंद्र काढून देतो: सूर्य एक, चंद्र एक. नवी पेठेतील गर्दीत हे कोणी करीत नाही, आणि करावे अशी अपेक्षाही व्यवहार्य नाही. एका आजींना दोन डॉक्टरांनी एकच गोळी दोन वेगळ्या नावांनी लिहून दिली होती, आणि त्या दोन्ही घेत होत्या. हे त्याच्या ध्यानात आले, कारण त्यांच्या घरातील औषधे त्याला पाठ होती.

गावाला हे कळत नव्हते असे नाही. दुकान बंद होणार ही वार्ता पसरली तेव्हा ग्रामसभेत बऱ्यापैकी खडाजंगी झाली. कोणी म्हणाले, त्याला नफा पुरत नसेल तर तो जाणारच, आपण काय करणार? परंतु अखेर तीन गोष्टी ठरल्या. ग्रामपंचायतीचा गाळा नाममात्र भाड्याने द्यावा. चार वडीलधाऱ्यांनी घरोघर जाऊन उधारी वसूल करावी. तिसरी सूचना बचत गटातील स्त्रियांची, आणि अर्थशास्त्राचा अध्यापक या नात्याने मला तीच सर्वांत शहाणपणाची वाटली. रक्तदाब, मधुमेह, थायरॉइड यांच्या गोळ्या ज्या घरांत दरमहा लागतात, त्यांची यादी करायची आणि ती महिन्याच्या आरंभी दुकानात द्यायची. कोणती औषधे किती खपणार हे आधीच ठाऊक झाले की, माल पडून राहत नाही, मुदतबाह्य होत नाही आणि भांडवल अडकत नाही. मागणीचा अंदाज या विषयावर मी वर्गात जे दोन तास व्याख्यान देतो, ते या बायकांनी एका वहीच्या पानावर आटोपले.

सहा महिन्यांत विक्री वाढली; उधारी निम्म्याने वसूल झाली. आणि तरीही वर मांडलेले गणित मुळातून बदलले नाही. पगाराइतकी रक्कम काही हाती येईना. सदिच्छेने भाडे वाचते, तोटा कमी होतो. पण एका शिक्षित माणसाचा पूर्ण वेळ विकत घेण्याइतकी उलाढाल ती निर्माण करू शकत नाही.

तेव्हा गावातील गटसचिवाने विषय काढला की, हे दुकान विकास सोसायटीने का चालवू नये? ही कल्पना त्याच्या डोक्यातून निघालेली नव्हती. जून २०२३ मध्ये केंद्र सरकारने देशातील दोन हजार प्राथमिक कृषी पतसंस्थांना जनऔषधी केंद्रे उघडू देण्याचा निर्णय जाहीर केला होता. सोलापूरकरांना यात अपरिचित असे काही वाटू नये. ज्या शहरात अश्विनी सहकारी रुग्णालय आणि श्री मार्कंडेय सोलापूर सहकारी रुग्णालय उभे राहिले, त्या जिल्ह्यात सोसायटीने औषधाच्या गोळ्या विकणे हे सहकाराचे काही अघटित रूप नव्हे. सोसायटीची स्वतःची इमारत असते, सचिव असतो, हिशेब तपासला जातो. खत आणि बियाणे यांच्या विक्रीचा अनुभव असतो. स्वतंत्र दुकानाला जो वरखर्च एकट्याने पेलावा लागतो, तो येथे आधीच भागलेला असतो. म्हणून ही योजना मला मूलतः योग्य वाटते.

परंतु पुन्हा गणित मांडावे लागते. जनऔषधी योजनेत चालकाला छापील किमतीवर २० टक्के मिळतात. शिवाय २०२३ मध्ये मासिक खरेदीवर १५ टक्के प्रोत्साहन मिळत असे, ठराविक मर्यादेपर्यंत. गावात महिन्याला पन्नास हजारांची जनऔषधी खपली असे धरा, आणि औषध एवढे स्वस्त असताना पन्नास हजार हा आकडा लहान नव्हे. तर दहा हजार नफा आणि त्या दराने सुमारे सहा हजार प्रोत्साहन मिळून सोळा हजार होतात. नोंदणीकृत फार्मासिस्टचा पगार यातूनच द्यायचा. सोसायटीच्या संचालकांनी हा आकडा पाहिला आणि बैठक चहावर संपली.

दुसरी अडचण कायद्याची, आणि ती अधिक विचित्र आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ मधील पासष्टाव्या नियमात अशी तरतूद आहे की, चिठ्ठीवरील अनुसूचित औषधाऐवजी दुसरे औषध, मग त्यातील घटक तोच असला तरी, विक्रेत्याने देता कामा नये. म्हणजे डॉक्टरांनी कंपनीचे नाव लिहिले, तर जनऔषधी केंद्रातील तीच गोळी देणे हा नियमभंग ठरतो. डॉक्टरांनी मूळ नावाने लिहावे, असे वैद्यक परिषदेच्या आचारसंहितेत २०१६ पासून नमूद आहे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने हेच अधिक कठोर शब्दांत सांगणारी नियमावली काढली आणि तीन आठवड्यांच्या आत स्थगित केली. डॉक्टरांचे म्हणणे अगदीच निराधार नाही. सर्व कारखान्यांच्या मालाचा दर्जा सारखा आहे, याची खात्री त्यांना कोण देणार? पण या वादाची किंमत मोजतो तो खेड्यातील रोगी. एका शासकीय योजनेने त्याच्या दाराशी स्वस्त गोळी आणून ठेवायची आणि दुसऱ्या शासकीय नियमाने ती त्याला देण्यास बंदी करायची.

फार्मासिस्टची अट शिथिल करावी, असा सोपा उपाय काही जण सुचवितात. त्याला माझा विरोध आहे. १९४८ च्या फार्मसी कायद्याने ही अट घातली ती काही उगाच नव्हे. भिंतीवर एकाचे प्रमाणपत्र आणि काउंटरमागे दुसराच पोरगा, हा प्रकार महाराष्ट्राला चांगला ठाऊक आहे. महेश झगडे अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना, २०१२ च्या सुमारास, दुकानात फार्मासिस्ट प्रत्यक्ष हजर असलाच पाहिजे असा आग्रह त्यांनी धरला, तेव्हा राज्यभर केवढा गदारोळ झाला हे अनेकांना आठवत असेल. आमच्या गावातील दुकानाचे मोल त्या सूर्य-चंद्र काढणाऱ्या माणसात आहे. त्याला वगळून दुकान वाचविले, तर उरते ते गोळ्यांचे कपाट.

हां, लहान वाड्या-वस्त्यांसाठी वेगळा विचार करता येतो. एक हजारापेक्षा कमी वस्तीच्या गावात पॅरासिटामॉल, मलम, आम्लपित्तावरील गोळ्या यांसारखी ठराविक घरगुती औषधे बंद पाकिटात, परवान्याशिवाय विकण्यास नियमांनी मुभा दिलेली आहे. ती फारशा कोणाला ठाऊक नसते. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातील अल्पशिक्षित स्त्रियांच्या हाती प्राथमिक उपचार सोपविले. आपल्या शेजारच्या अणदूरला, सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर, डॉ. शशिकांत अहंकारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने 'भारतवैद्य' स्त्रियांकरवी तसाच प्रयोग केला. या स्त्रियांनी जे साधले ते मोठे आहे. पण मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार यांची वर्षानुवर्षे घ्यावयाची औषधे हा निराळा प्रश्न आहे. त्याला परवानाधारक दुकान आणि जाणता माणूस यांना पर्याय दिसत नाही.

इतरत्र काय झाले? राजस्थानात चित्तोडगडचे जिल्हाधिकारी असताना डॉ. समित शर्मा यांनी सहकारी भांडारांच्या दुकानांतून मूळ नावाची औषधे अत्यल्प किमतीत विकविली, आणि त्याच अनुभवाच्या बळावर त्या राज्याने २ ऑक्टोबर २०११ पासून सरकारी रुग्णालयांत औषधे मोफत दिली. तामिळनाडूने फेब्रुवारी २०२५ मध्ये मुख्यमंत्र्यांच्या नावाने एक हजार औषध दुकाने एकदम उघडली. त्यांतील सुमारे निम्मी सहकारी संस्थांकडे आहेत आणि प्रत्येकाला आरंभी अनुदान दिले गेले. अर्थात त्या राज्याच्या पाठीशी १९९४ साली स्थापन केलेले औषधखरेदी महामंडळ आहे; आपण तो धडा जवळपास तीस वर्षे उशिरा गिरवायला घेतला. इंग्लंडमध्ये तर २०१६ पासून ज्या दुकानाच्या मैलभर परिसरात दुसरे दुकान नाही, त्याला सरकार काही निकषांवर वेगळी रक्कम देते. किती गोळ्या विकल्या एवढ्यावर त्याचे उत्पन्न अवलंबून राहू नये. ते तेथे आहे, उघडे आहे, याचेही पैसे.

माझा मुद्दा नेमका हाच आहे. अग्निशामक दलाच्या जवानाला आपण विझविलेल्या आगींच्या संख्येवर पगार देत नाही. खेड्यातील औषध दुकानाचा निम्मा उपयोग ते उघडे असण्यात आहे, आणि त्या निम्म्या उपयोगाची किंमत बाजारात कोणीच मोजत नाही. ती मोजायची कोणी? जिल्हा परिषदेने, की राज्याच्या आरोग्य खात्याने, याविषयी मतभेद होऊ शकतात. माझी सूचना अशी की, ज्या गावापासून आठ-दहा किलोमीटरच्या आत दुसरे दुकान नाही, तेथे सोसायटीने दुकान चालवावे आणि फार्मासिस्टच्या पगाराचा निम्मा भाग शासनाने द्यावा. बदल्यात त्याने रक्तदाब व मधुमेहाच्या रोग्यांची नोंदवही ठेवावी आणि आरोग्य केंद्राला दरमहा कळवावे. हे काम आज कोणीच धडपणे करीत नाही. सोबतच पासष्टाव्या नियमात दुरुस्ती करून, निदान जनऔषधीच्या यादीतील औषधांपुरती, रोग्याच्या संमतीने पर्यायी गोळी देण्याची मुभा असावी.

यावर आक्षेप येतील, आणि त्यांतला एक मला स्वतःलाच सतावतो. विकास सोसायट्या काही साधुसंतांच्या नाहीत. थकबाकीने वाकलेल्या सोसायट्या पुष्कळ; सोसायटीची निवडणूक म्हणजे गावातील दोन गटांचा आखाडा. उद्या सत्तेवर आलेल्या गटाने फार्मासिस्ट आपल्या भाच्याला नेमला, किंवा विरोधी गटाच्या घरांना औषध देताना हात आखडला, तर? खताच्या पोत्याबाबत असे घडल्याचे आपण ऐकतो. नेमणूक सोसायटीकडे न ठेवता जिल्हा पातळीवरील यादीतून करावी, एवढेच उत्तर मला सुचते. ते पुरेसे आहे असा दावा नाही. पैशाचा आक्षेप मात्र मला तितका वजनदार वाटत नाही. केंद्राच्याच राष्ट्रीय आरोग्य लेख्यानुसार २०२१-२२ मध्ये देशातील एकूण आरोग्यखर्चाचा ३९.४ टक्के भाग लोकांनी खिशातून केला. चिठ्ठी घेऊन परतणाऱ्या रोग्याच्या खर्चात मोठा वाटा औषधांचाच असतो, हे घरात दीर्घ आजारी माणूस असलेल्या कोणत्याही शिक्षकाला वा कारकुनाला सांगायला नको. त्या खर्चात नवी पेठेपर्यंतच्या फेऱ्या आणि बुडालेली मजुरी धरली जात नाही, ती निराळीच.

गेल्या आठवड्यात त्या गावी पुन्हा जाणे झाले. सोसायटीने परवान्यासाठी अर्ज करावा की नाही, याचा निर्णय दोनदा पुढे ढकलला गेला आहे. पुण्याची नोकरी अद्याप खुली आहे. माझ्या विद्यार्थ्याने गुढीपाडव्यापर्यंतची मुदत मागून घेतली आहे. बचत गटाची यादी आली होती. तीत या महिन्यात सात नवी नावे होती, आणि तो ती पाहत, कोणती औषधे किती मागवायची ते सोलापूरच्या घाऊक विक्रेत्याला फोनवरून सांगत होता.